काढून ठेवलेला वॉल्व

आमच्या अंबरनाथला थंडी म्हणजे पौषातले पंधरा दिवस. तेवढ्यात आम्ही माकडटोप्या घालून चहाच्या टपरीवर हात चोळत उभे राहणार आणि 'काय गारठा पडलाय राव' म्हणणार. बदलापूरवाले म्हणणार, आमच्याकडे नदी आहे, तुमच्यापेक्षा जास्त पडलाय. एवढ्यावर आमचं थंडीचं ज्ञान संपलं. बाकीचे साडेअकरा महिने माझ्यासारख्या ट्रक मेकॅनिकला एकच दुश्मन, गरमी. गाडी तापली, पाणी उकळलं, हेड गेलं. रोज दोन-तीन ड्रायव्हर तरी हीच रड घेऊन माझ्या गॅरेजात यायचे.

त्यावर माझा इलाज ठरलेला होता. इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे जातं त्या वाटेवर मुठीत मावेल एवढा एक पितळी वॉल्व असतो. इंजिन गार असेपर्यंत तो बंद राहतो आणि पाणी आतल्या आत फिरवतो, म्हणजे इंजिन लवकर ऊब धरतं. पुरेसं तापलं की उघडतो. कंपनीने तो का बसवला, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. माझ्या उस्तादाने एवढंच शिकवलं की हा अडकला की गाडी तापते, सबब आधी हा काढायचा. वॉल्व काढला की पाणी सारखं रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन थंडगार. ड्रायव्हर खूष. त्या वेळच्या ट्रकांत इंजिन केबिनच्या मधोमध, ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला लागून असायचं, वर नुसतं पत्र्याचं झाकण. मे महिन्यात ती मांडी भाजून निघायची. त्यामुळे ड्रायव्हर स्वतःच म्हणायचे, उस्ताद, तेवढा वॉल्व काढा.

मी काढायचो, पण फेकायचो नाही. मालकाची वस्तू मालकाची, असा माझा एक खाक्या होता. प्रत्येक वॉल्वला गाडीच्या नंबरची चिठ्ठी तारेने बांधून तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकायचो. डबा फळीवर, माझ्या हाताच्या अंतरावर. एवढ्या वर्षांत एकाही मालकाने वॉल्व परत मागितला नाही. तरी त्या डब्याचा मला भारी अभिमान होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचो.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, जवळच्याच जांभूळ गावचा. घरची भातशेती होती, पण तीन भावांत ती किती पुरणार. तो ट्रक चालवायला शिकला आणि मीच शब्द टाकून त्याला उल्हासनगर कॅम्प दोनच्या एका सिंधी शेठकडे लावला. शेठचा धंदा कपड्यांचा. कॅम्प तीनमध्ये शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे त्याच्या ट्रकने गुजरात, राजस्थान, दिल्लीपर्यंत जायचे. मेहुणा माझ्याहून आठ वर्षांनी लहान, स्वभावाने गाय. मला फार मानायचा. मी शिंकलो तरी त्यात काहीतरी शिकण्यासारखं आहे असं त्याला वाटायचं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. दिवाळी होऊन महिना झाला असेल. दुपारच्या वेळी मेहुणा हातात एक कागद घेऊन गॅरेजात आला. मी एका टँकरच्या खाली गिअरबॉक्स उतरवत होतो. बाजूला टँकरवाला, आणखी दोन ड्रायव्हर आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे ट्रान्सपोर्टचे साहेब, असा दरबार भरला होता.

"दाजी, शेठ बोलला, श्रीनगरला माल टाकायचाय," मेहुणा म्हणाला. "तिकडं बर्फ पडायला लागलाय. एक पंजाबी ड्रायव्हर भेटला, तो दर थंडीत जातो. त्याच्याकडून समदं लिहून आणलं."

आणि तो सगळ्यांसमोर वाचायला लागला. रेडिएटरपुढे गोणपाट आणि पुठ्ठा बांधायचा. डिझेलमध्ये थोडं रॉकेल घालायचं. इंजिनाच्या झाकणावर जाड गोधडी टाकायची. गाडी जास्त वेळ बंद ठेवायची असली तर रेडिएटरचं पाणी सोडून द्यायचं, नाहीतर आत बर्फ होऊन इंजिन फुटतं.

टँकरवाला हसला. "काय उस्ताद, घरात एवढा मेकॅनिक असून पोरगा पंजाब्याची शिकवणी लावतोय!"

झालं. माझं डोकं फिरलं. मी टँकरखालून बाहेर आलो. मेहुण्याने कागदावरची शेवटची ओळ वाचली. "आणि वॉल्व. तो बोलला, बाकी एखादी गोष्ट राहिली तरी चालेल, पण वॉल्व पाहिजेच. नायतर गाडी काय केल्या तापत नाय. आपल्या गाडीला हाय ना दाजी वॉल्व?"

नव्हता. तीन वर्षांपूर्वी मीच काढला होता. डब्यात होता, नंबराची चिठ्ठी बांधून. तेव्हा मी एवढंच म्हणायचं होतं, 'नाही रे, काढलाय, ठेव गाडी, बसवून देतो.' पण पंधराच मिनिटांपूर्वी मी साहेबांना लेक्चर दिलं होतं की वॉल्व म्हणजे नुसते कंपनीचे चोचले, अंबरनाथचा मेकॅनिक त्याच्यावाचून गाडी चालवून दाखवतो. आता तोच वॉल्व पंजाब्याच्या सांगण्यावरून बसवायचा?

"माझ्या हाताखालून गेलेली गाडी आहे ती," मी खेकसलो. "सगळं असतं तिच्यात. तू गोणपाटाचं बघ. चालला मला शिकवायला!"

तो ओशाळला. "तसं नाय दाजी, तो बोलला म्हणून विचारलं," म्हणाला आणि कागदावरच्या त्या ओळीपुढे त्याने पेन्सिलीने बरोबरची खूण केली. माझ्या डोळ्यांदेखत केली.

गाडी निघायला अजून दोन दिवस होते. मी काही अगदीच निर्दय नाही. राग उतरल्यावर मी ठरवलं, गुपचूप बसवून टाकू. दुसऱ्या दिवशी तो ब्रेक दाखवायला गाडी घेऊन येणार होता. मी डब्यातून वॉल्व काढला, कापडाने पुसला आणि खिशात ठेवला. कागदी गॅस्केटसुद्धा कापून तयार ठेवलं. तासाभराचं काम. पाणी काढायचं, तीन बोल्ट खोलायचे, वॉल्व बसवायचा, बोल्ट आवळायचे. फक्त तो समोर नको होता. समोर असता तर विचारलं असतं, 'हे काय दाजी, तुम्ही तर बोललात हाय म्हणून.'

"जा, जरा चहा पिऊन ये," मी म्हटलं.

"नको दाजी, झालाय."

"मग स्टेशनाकडे जा, माझी सिगारेट घेऊन ये."

तो गेला आणि पाच मिनिटांत पळत परत आला. "बसतो इथंच," म्हणाला. "तुमच्या हाताकडं बघितलं की शिकायला भेटतं." आणि पालथ्या घमेल्यावर बसून तो माझ्याकडे बघत राहिला. मी ब्रेक केले, ग्रीस मारलं, उगाच एक टायर बडवून पाहिला. तो हलायचं नाव घेईना. शेवटी मीच कंटाळलो आणि म्हटलं, जाऊ दे, काय होतंय. वॉल्व पुन्हा चिठ्ठीसकट डब्यात टाकला. त्या दिवशी तो मला मान देत बसला नसता तर त्याचा हात वाचला असता, असा विचार नंतर माझ्या मनात आला होता, आणि असा विचार आल्याचीच मला लाज वाटली होती.

गोधडी त्याच्या बायकोने शिवली. कॅम्प तीनच्या कारखान्यांतून जीन्सच्या चिंध्यांची अख्खी गोणी मिळाली होती. तिने त्या चिंध्या आत भरून, वरून जुनी साडी लावून, दोन दिवस बसून टाके घातले. निघायच्या दिवशी ती गाडीपाशी उभी राहून नवऱ्याला बजावत होती, "इंजिनावर टाका बरं. स्वतःच्या अंगावर घेऊन झोपाल." सगळे हसले. मीही हसलो. गाडी गॅरेजवरून गेली तेव्हा त्याने हॉर्न दिला आणि मी पाना धरलेला हात वर केला.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तोंडपाठ झालंय. क्लीनर जम्मूलाच उतरला. म्हणाला, मी नाही येत बर्फात मरायला. मेहुणा एकटा पुढे गेला. वर घाटात बर्फ कोसळून रस्ता बंद झाला आणि ट्रकांची लांबलचक रांग जागच्या जागी तीन दिवस अडकली. तिथल्या ड्रायव्हरांना त्याची सवय. ते अर्धा-पाऊण तास इंजिन चालवतात, तापमानाचा काटा वर आला की बंद करतात आणि लगेच झाकणावर रजया, गोधड्या, गोणपाटं टाकतात. आतली ऊब तीन-चार तास टिकते. ड्रायव्हर त्या झाकणाला पाठ लावून पडून राहतो. गार व्हायला लागलं की पुन्हा थोडा वेळ चालवायचं. असं केलं की डिझेल पुरतं, पाणी गोठत नाही आणि माणूसही तगतो.

मेहुण्याने कागदावर होतं ते सगळं केलं. गोणपाट बांधलं, पुठ्ठा लावला, इंजिन चालू केलं. काटा वर येईना. अर्धा तास झाला, तास झाला, काटा तळाशीच. बंद करून गोधडी टाकली तर थोड्याच वेळात झाकण गार. अहो, गोधडी ऊब राखते, पण राखायला आधी ऊब पाहिजे ना! पाणी सारखं रेडिएटरमधून फिरत होतं आणि बर्फाचा वारा खाऊन परत इंजिनात येत होतं. त्याला काय माहीत. त्याला वाटलं, आपलंच बांधायचं नीट जमलं नाही. त्याने अंगावरचं ब्लँकेट काढून इंजिनावर टाकलं. गोणपाट सोडून पुन्हा बांधलं, तीनदा. शेवटी गाडी बंद करायची भीती वाटून त्याने इंजिन चालूच ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचं डिझेल संपलं. बाकी कोणाचं संपलं नव्हतं.

आता पाणी सोडणं भाग होतं, नाहीतर शेठचं इंजिन फुटलं असतं. तो बर्फात आडवा पडून रेडिएटरखाली शिरला. खालचा नळ गोठून बसला होता. हातमोज्याने पकड येईना म्हणून त्याने मोजा काढला आणि उघड्या डाव्या हाताने जोर लावत राहिला. नळ सुटला तेव्हा सगळं पाणी त्या हातावर आलं. ते पुसायला तिथं हाताशी कोरडं असं काही नव्हतं. इंजिन वाचलं. मागच्या ट्रकच्या ड्रायव्हरने त्याला आपल्या केबिनमध्ये ओढून घेतलं. रस्ता उघडेपर्यंत डाव्या हाताची तीन बोटं काळी पडली होती. जम्मूच्या हॉस्पिटलात ती काढावी लागली.

मी त्याला आणायला कल्याण स्टेशनवर गेलो. तो गाडीतून उतरला. दाढी वाढलेली, हाताला मोठं बँडेज. मला पाहून रडेल असं वाटलं होतं. तो रडला नाही. म्हणाला, "दाजी, तुमचा वॉल्व होता म्हणून जगलो. दोन दिवस तरी इंजिन चाललं. नायतर पयल्याच दिवशी खलास होतो. माझंच कायतरी चुकलं, मला नीट तापवता आलं नाय."

मी म्हणालो, "चल, रिक्षा बघू." तेव्हा तोंडातून एवढंच निघालं. बोलायचं ते तिथंच बोलायचं होतं. एकदा तो क्षण गेला की पुढच्या प्रत्येक दिवशी ते जास्त अवघड होत जातं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

दोन महिन्यांनी ट्रक परत आला आणि शेठने तो माझ्याकडेच तपासायला पाठवला. मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि भर दुपारी, एकट्याने, बाजारातून आणलेला नवा कोरा वॉल्व बसवला. डब्यातल्या त्या चिठ्ठीवाल्या वॉल्वला हात लावायचं धाडस झालं नाही. तासभर लागला. तासापेक्षा कमीच. मग शेठ आला.

"क्या उस्ताद, गाडी में कुछ प्रॉब्लेम था क्या?"

"नहीं शेठ. गाडी ओके है."

"मतलब बंदाही कच्चा था," शेठ म्हणाला. "साईं, बाकी सब की गाडी गरम हुई, इसकी नहीं हुई?"

मी मूग गिळून बसलो. शेठ माणूस वाईट नव्हता. हॉस्पिटलचा सगळा खर्च त्याने केला होता. पण 'कच्चा ड्रायव्हर' हा शिक्का सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांत पसरला, आणि त्यावर पहिली सही माझी होती. तसाही डावा हात म्हणजे गिअरचा हात. पण अंगठा आणि करंगळीत गिअरचा दांडा धरून दाखवतो, असं तो सांगत हिंडायचा. दोन ठिकाणी त्याने चालवूनही दाखवलं. पण त्याला कोणी घेतलं नाही. शेवटी जांभूळच्या पाणी शुद्ध करायच्या केंद्रावर एका कंत्राटदाराकडे तो रखवालदार म्हणून लागला.

दर सुट्टीच्या दिवशी तो माझ्या गॅरेजात येऊन त्याच घमेल्यावर बसायचा. कोणी नवा ड्रायव्हर थंडीच्या मुलखात निघाला की त्याला आपला हात दाखवून सगळी हकिकत सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "माझी चूक करू नको." मग माझ्याकडे वळायचा. "काय राहिलं असंल ओ दाजी? मला अजून समजत नाय."

आणि मी, हरामखोर मी, दर वेळी काहीतरी सुचवायचो. 'गोणपाट ढिलं बांधलं असशील.' 'काच उघडी राहिली असेल.' 'रॉकेल जास्त पडलं असेल.' तो मान डोलवायचा. "असंल, असंल." दोन-तीन वेळा तर तो घरी जाऊन बायकोला सांगून आला होता की आज दाजींनी चूक शोधून काढली.

त्यानंतर मी कुठल्याच गाडीचा वॉल्व काढला नाही. ड्रायव्हर कुरकुरायचे, उस्ताद म्हातारे झाले म्हणायचे. म्हणू देत.

पण खरी शिक्षा तांदळाची होती. दर वर्षी भात झोडून झाला की त्याच्या घरून आमच्याकडे एक पोतं यायचं. तोंडाला जीन्सच्या कापडाची पट्टी बांधलेली. 'नवा तांदूळ आधी देवाला, मग दाजींना,' असं त्याच्या बायकोने ठरवूनच टाकलं होतं. का, तर दाजींच्या वॉल्वने कपाळाचं कुंकू राखलं. त्या तांदळाचा भात ताटात पडला की माझ्या घशाखाली उतरायचा नाही. मी बायकोला सांगायचो, पोट बिघडलंय. तिने माहेरी सांगितलं, नव्या तांदळाने ह्यांचं पोट बिघडतं. झालं, पुढच्या वर्षीपासून त्यांनी माझ्यासाठी एक पोतं वर्षभर बाजूला ठेवून, जुनं करून पाठवायला सुरुवात केली. आता बोला! एवढ्या प्रेमापुढे माणसाने काय करावं?

अशी नऊ वर्षं गेली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मेहुण्याची बायको आमच्याकडे आली होती. ती आणि माझी बायको स्वयंपाकघरात तीळ निवडत बसल्या होत्या. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. माझ्या बायकोने सहज विचारलं, "ती जीन्सची गोधडी कुठाय गं? यंदा थंडी जास्त आहे, पोरांना होईल."

मेहुण्याची बायको म्हणाली, "माळ्यावर टाकलीय, ताई. बघवत नाय मला ती."

"का गं?"

"कोणाला सांगू नका. गोणीतल्या निम्म्या चिंध्या मी काढून ठेवल्या होत्या. पोरांच्या अंथरुणात भरायला. म्हटलं, इंजिनाला एवढं काय लागतंय. पातळ झाली ना गोधडी. म्हणून तापलं नाय इंजिन. ते बिचारे अजून स्वतःला दोष देतात आणि मी गप बसून ऐकते. नऊ वर्षं झाली, मी त्यांच्या हाताकडं बघत नाय, ताई."

ती हुंदके देऊन रडायला लागली. माझी बायको 'वेडी का खुळी तू' म्हणून तिची समजूत काढत होती. मेहुणा स्वतःला दोष देतो हे मी पचवलं होतं, हो, पचवलंच होतं. पण ही बाई पोरांच्या अंथरुणातल्या चार चिंध्यांसाठी नऊ वर्षं झुरत होती, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. तेव्हाच उठून आत जायला हवं होतं. मी उठलो नाही. तिळगूळ खाल्ला, गोड बोललो आणि आणखी आठ दिवस घालवले. असा मी.

आठ दिवसांनी मेहुणा नेहमीसारखा आला आणि घमेल्यावर बसला. मी शटर ओढलं. फळीवरचा डबा खाली घेतला आणि चाचपडत तो वॉल्व काढला. ट्रकला नवा बसवला तरी हा जुना डब्यातच राहिला होता. फेकून द्यायला हात धजावत नव्हता. तारेला बांधलेली चिठ्ठी पिवळी पडली होती, पण आकडे दिसत होते. मी तो त्याच्या उजव्या हातात ठेवला.

त्याने आधी चिठ्ठी वाचली. "हा तर आपल्या गाडीचा नंबर," तो हसून म्हणाला.

मी म्हणालो, "तू श्रीनगरला गेलास तेव्हा हा इथं होता. या डब्यात. तू विचारलंस, मी खोटं बोललो. चारचौघांत माझं नाक कापलं जाईल म्हणून. दुसऱ्या दिवशी बसवणार होतो, तू समोरून उठेनास, म्हणून राहिला. गाडी परत आल्यावर गुपचूप नवा बसवला आणि शेठला सांगितलं, गाडी ओके आहे. तुझं काही चुकलं नव्हतं. तू काहीही केलं असतंस तरी ते इंजिन तापलं नसतं."

मला वाटलं, आता हा मला मारेल. मारायला हवं होतं. मी हात खाली सोडून उभा राहिलो. तो वॉल्वकडे बघत होता. मग त्याने तो डाव्या हातात घ्यायला पाहिलं, तो अंगठ्या-करंगळीतून निसटून खाली पडला, त्याने वाकून उचलला.

"म्हंजे मी बरोबर तापवत होतो?" तो म्हणाला.

"हो."

"गोणपाट बरोबर बांधलं होतं?"

"बरोबर बांधलं होतंस."

"तीनदा सोडून बांधलं मी ते," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा काही मोकळा झाला की मला बघवेना. एवढ्या वर्षांत त्याला तसा मी पाहिला नव्हता. तो खूष झाला होता हो. माझ्यावर चिडायचं त्याला सुचलंच नाही. मग हळूहळू त्याच्या डोळ्यांत दुसरं काहीतरी आलं आणि तो उठला.

"चला," म्हणाला.

"कुठं?"

"घरी. तिला सांगा. मी सांगितलं तर तिला वाटंल, तिची समजूत काढतोय. तुमच्या तोंडानं सांगा."

म्हणजे त्याला माहीत होतं. तिच्या त्या चिंध्यांचं त्याला पहिल्यापासून माहीत होतं आणि तो तिला कधी काही बोलला नव्हता. जांभूळपर्यंत आम्ही शेअर रिक्षात मांडीला मांडी लावून बसलो होतो. वॉल्व त्याच्या मुठीत होता.

त्याची बायको ओटीवर होती. दाराशी आमच्यासाठीचं पोतं बांधून तयार होतं, वर ती जीन्सची पट्टी. मला अवेळी आलेला पाहून ती घाईने उठली, "या दाजी, बसा, चहा टाकते," म्हणाली.

"आधी ऐक ते काय सांगतात," मेहुणा म्हणाला.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कागद, टँकरवाला, डबा, सिगारेट, शेठ, काही लपवून ठेवलं नाही. चिंध्यांचंही सांगितलं, की गोधडी गादीएवढी जाड असती तरी काही उपयोग नव्हता. मेहुण्याने मूठ उघडून तिला वॉल्व दाखवला. ती त्या पितळेच्या तुकड्याकडे बघत राहिली.

"दाजी," ती म्हणाली, "हा बसवायला किती वेळ लागला असता?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. अजूनही वाटलं. दोन दिवसांचं काम होतं, मुंबईहून पार्ट आणावा लागला असता, असं काहीतरी.

"तासभर," मी म्हणालो.

"तासभर," ती म्हणाली.

ती आत गेली. शिडीचा आवाज आला, माळ्यावर काहीतरी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ती गोधडी होती, डिझेलच्या डागांची, नऊ वर्षांच्या धुळीने माखलेली. तिने ती अंगणात झटकली आणि ओटीवर अंथरली. नवऱ्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरून, त्याच्याकडे नीट बघत म्हणाली, "बसा यावर."

तो बसला. तीही त्याच्या शेजारी बसली.

मला कोणी बस म्हणालं नाही. मी पायरीवरच्या चपला घातल्या आणि रस्त्याला लागलो. तांदळाचं पोतं दाराशीच होतं.